उघड्यावरचे लाकूड आणि मे महिन्याची घाई

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा, आंबा, राधानगरी, गगनबावडा या पट्ट्यात फार्महाऊस आणि रिसॉर्ट वाढले, तसे उघड्यावरचे लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचे ओटेही वाढले. शहरातही ताराबाई पार्क, नागाळा पार्क, राजारामपुरीतल्या गच्च्यांवर असे डेक, पर्गोला (खांबांवरचा लाकडी पट्ट्यांचा उघडा मांडव), झोपाळा दिसू लागला आहे. काम नवे असते तेव्हा दृष्ट लागावी असे दिसते. एक पावसाळा गेला की कडा काळ्या पडतात, पॉलिशचे पापुद्रे सुटतात आणि मालक म्हणतो, लाकूडच खराब निघाले. बहुतेक वेळा लाकडाचा दोष नसतो. न चालणारे पॉलिश नको त्या महिन्यात मारलेले असते आणि पाणी साचायच्या जागा तशाच सोडलेल्या असतात. सुतारकाम आणि पॉलिशच्या व्यवसायातले आम्ही काही जण त्याबद्दल चार गोष्टी लिहीत आहोत. पत्र लांबले आहे, शक्य तेवढे छापावे.

आपल्याकडे पॉलिश म्हटले की चकाकीच डोळ्यांपुढे येते. घरातल्या कपाटाला मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असे वर कडक थर धरणारे पॉलिश शोभते, छज्जाखालच्या दाराला बाहेरच्या वापराचा पीयूही बरी साथ देतो. डेकचे तसे नाही. तिथे लाकूड आडवे आहे, त्यावर ऊन सरळ पडते, पाणी थांबते आणि वरून माणसे चालतात. लाकूड कितीही वाळलेले असले तरी हवेतला ओलावा घेत-सोडत राहते. कोल्हापुरात उन्हाळ्यात सागाच्या फळीत साधारण ८ ते १० टक्के पाणी असते. पावसाळ्यात तेच १८-२० टक्क्यांवर जाते. तेवढ्या फरकाने १०० मिलिमीटर रुंदीची, म्हणजे चार इंची फळी दीड ते दोन मिलिमीटर फुगते. वरचा कडक थर दरवर्षी तेवढा ताणला आणि आवळला जात नाही. तो आधी कडेला आणि स्क्रूच्या डोक्याभोवती बारीक तडकतो. त्या तड्यातून पाणी आत शिरते, पण थराखालून बाहेर पडायला त्याला वाट राहत नाही. पॉलिश आधी पांढुरके दिसते, मग त्याखाली काळे पडते.

दुसरे कारण उन्हाचे. पारदर्शक थरातून अतिनील किरण आत जातात आणि लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारे लिग्निन मोडतात. थर वरून शाबूत दिसतो, पण ज्या लाकडाला तो धरून असतो तेच भुसभुशीत झालेले असते. सुटलेला पापुद्रा उचलून त्याची मागची बाजू बोटावर घासून पाहा, लाकडाची बारीक पूड बोटाला लागते. अशा जागी नुसता आणखी एक हात मारून काही साधत नाही. सगळा थर खरवडून कोऱ्या लाकडापर्यंत यावे लागते आणि मजुरी पहिल्या कामापेक्षा जास्त होते.

म्हणून डेकला आत मुरणारे, रंगद्रव्य असलेले तेल द्यावे. बाजारात ते डेक ऑइल, वूड ऑइल किंवा बाहेरच्या लाकडाचा स्टेन म्हणून मिळते. ते वर थर धरत नाही, त्यामुळे पापुद्रे सुटायचा प्रश्नच येत नाही. ते हळूहळू झिजते आणि फिके होते. फिके झाले की धुऊन पुन्हा एक हात, एवढेच. त्यात रंगद्रव्य हवेच, कारण ऊन अडवायचे काम तेच करते. बिनरंगाचे तेल पाणी काही काळ दूर ठेवते, लाकूड राखाडी होणे थांबवत नाही. रंगातही फरक असतो. स्पिरिटमध्ये विरघळणारे पावडरचे रंग फ्रेंच पॉलिशमध्ये सुंदर उठतात, पण उघड्यावर लवकर उडतात. लोह ऑक्साइडचे रंग टिकतात. गेरू आणि रामरज ही त्याच घरातली माती आहे आणि भिंतीवरचा गेरू उन्हाने का उडत नाही याचे उत्तरही तेच. डब्यावर ‘ट्रान्सपरंट आयर्न ऑक्साइड’ असे लिहिलेले असले तर घ्यायला हरकत नाही. छटा मध्यम घ्यावी. फार फिकी छटा ऊन अडवत नाही; फार गडद छटेचे डेक एप्रिलमध्ये अनवाणी पायाला चटके देते.

आता मूळ दुखण्याकडे. कोणतेही तेल साचलेल्या पाण्यापुढे टिकत नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. तो खाली राखला तर साधे लाकूडही वर्षानुवर्षे टिकते. आणि पाणी फळीच्या पाठीतून जेवढे शिरते त्याच्या कितीतरी पट कापलेल्या टोकातून शिरते. ऊस आडवा कापला की टोकाला जशी छिद्रे दिसतात, तसाच लाकडाचा आडवा छेद असतो. झाडाने पाणी वर न्यायला केलेल्या नळ्या तिथे उघड्या पडलेल्या असतात. म्हणून डेक सडते ते मधून नव्हे, टोकांकडून, सांध्यांतून आणि स्क्रूच्या भोकांतून. सुतार फळी मापाने कापतो आणि लगेच ठोकतो, तिथेच घोळ होतो. प्रत्येक छेद कापल्याबरोबर तेलाने तीनदा भिजवावा, पाच-दहा मिनिटांच्या अंतराने, टोक पिणे थांबवेपर्यंत. फळी एकदा बसली की दोन टोकांमधल्या फटीत ब्रश जात नाही. त्याच कारणाने फळ्यांची खालची बाजू आणि कडा बसवण्यापूर्वीच एक हात तेल लावून घ्याव्यात. वरून तेल आणि खालून कोरे लाकूड असले की फळी वाटीसारखी वाकते, कारण दोन्ही बाजू सारख्या वेगाने ओलावा घेत नाहीत.

फळ्यांमधली फट हा वादाचा विषय असतो. मालकाला चप्पल अडकेल, कानातले पडेल अशी भीती वाटते आणि तो फळ्या घट्ट बसवायला लावतो. मेमध्ये वाळलेल्या फळ्या घट्ट बसवल्या की जुलैत प्रत्येक फळी दोन मिलिमीटर जागा मागते. जागा नसली की मधला भाग उचलतो किंवा स्क्रू उपटतात. कोरड्या दिवसांत काम असेल तर ५ ते ६ मिलिमीटर फट ठेवावी. पावसाळ्यात फुगलेली फळी बसवत असाल तर ३ ते ४ मिलिमीटर पुरते, उन्हाळ्यात ती आपोआप वाढते. मापाला तेवढ्या जाडीच्या खिळ्यांचे दोन तुकडे फळ्यांमध्ये ठेवून पुढची फळी टेकवली की झाले.

एक इंच जाडीच्या फळीखाली आधाराचे वासे १६ इंचांवर असावेत, त्याहून लांब नकोत. वाशाच्या माथ्यावर, स्क्रू जिथून जाणार तिथे, डांबरी किंवा रबरी पट्टी लावावी, वाशापेक्षा थोडी रुंद. स्क्रूच्या भोकातून उतरणारे पाणी नाहीतर थेट वाशात जाते, आणि वासा कुजला की वरची चांगली फळीही काढावी लागते. गच्चीवर वासे उताराच्या दिशेने ठेवावेत. आडवे ठेवले की प्रत्येक वाशामागे पाणी आणि पाचोळा अडतो. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगमध्ये स्क्रू मारून वासा आवळणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, खालच्या मजल्याची गळती त्यातूनच सुरू होते. वासे प्लास्टिकच्या किंवा रबरी पायांवर ठेवता येतात.

खांबांबाबत जुन्या वाड्यांकडे पाहावे. वाड्याचा खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे त्याचे कापलेले टोक ओल्यापासून वर राहते. ज्या वाड्यांत पुढे फरशीवर फरशी घालत तळखडा गाडला गेला, तिथे खांब बुडाशी कुजतात. नव्या पर्गोल्यांत मात्र खांब सरळ काँक्रीटमध्ये उभा करतात. लाकूड थोडे आकसते, भोवती केसाएवढी फट पडते आणि त्या फटीत पाणी वर्षभर मुरते. खांबाला लोखंडी किंवा स्टीलचा बूट द्यावा आणि लाकडाचे टोक फरशीपासून निदान एक-दोन इंच वर ठेवावे.

स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच, ३०४ प्रतीचे. मालवण-रत्नागिरीकडे खाऱ्या हवेत ३१६ घ्यावे, कोल्हापुरात ३०४ पुरते. साग, ऐन, बाभूळ यांत टॅनिन हे तुरट द्रव्य असते; लोखंड आणि पाणी भेटले की त्याची शाई होते आणि खिळ्याखाली काळा ओघळ उतरतो. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या दुप्पट, आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडून, कडेपासून २० मिलिमीटर आत. भोकावर लांबी (पुट्टी) भरू नका. खडू-व्हार्निशची लांबी पहिल्या पावसात फुगून निघते. डोके झाकायचेच असेल तर त्याच लाकडाची गुट्टी मारावी.

लोखंडाचा आणखी एक घोळ कोल्हापुरात फार दिसतो. डेक झाले की रेलिंगचा फॅब्रिकेटर येतो, जागेवर वेल्डिंग करतो, ग्राइंडर चालवतो. त्याची लोखंडी धूळ डोळ्यांना दिसत नाही, फळ्यांच्या रंध्रांत बसते. पहिल्या वळवानंतर सगळ्या डेकवर मिरे पसरल्यासारखे काळे ठिपके उठतात आणि दोष पॉलिशवाल्याच्या माथी येतो. ग्राइंडरचे काम लाकूड येण्याआधी उरकावे, नाहीतर ताडपत्री अंथरून करावे. तारेचा ब्रश आणि स्टीलचा काथ्या याच कारणाने वर्ज्य.

लाकडाबद्दल थोडक्यात. गाभ्याचा साग उत्तम, तो दांडेलीचा असो की बल्लारशाचा. आयात सागात कडेचा पांढरट भाग बराच येतो. तो सागाचा असला तरी टिकत नाही, भुंगा आणि बुरशी तिथूनच सुरू होते. तो पाहून बाजूला काढायला लावा. किंजळ, ऐन, जांभूळ ही आपल्याकडची लाकडे खालच्या वाशांना चालतात, पण नीट वाळवलेली हवीत. पाडलेल्या वाड्याचा जुना साग वाळलेला आणि स्थिर असतो, मात्र रंध्याखाली घालण्यापूर्वी त्यावरून लोहचुंबक फिरवा, आत तुटलेले खिळे असतात. रबरवूड बाहेर मुळीच नको. पाइन घ्यायचे तर दाबाखाली रसायन मुरवलेले आणि त्याचा दाखला असलेले घ्या. लाकूड संरक्षणासाठी भारतीय मानक आयएस ४०१ आहे, विक्रेत्याला त्याबद्दल विचारायला लाजू नये.

आता महिन्याबद्दल. पावसाच्या आधी एक हात मारून टाकू, असे म्हणून सगळे एप्रिल-मेमध्ये हे काम काढतात. कोल्हापूरसाठी हा सर्वांत वाईट काळ. दुपारी फळी इतकी तापते की तेल आत जाण्याआधी वरच घट्ट होते, ब्रशचे पट्टे उमटतात. आणि चारच्या सुमारास वळीव आला की न वाळलेल्या तेलावर थेंबांचे पांढरे डाग बसतात. तेल फक्त वाळून चालत नाही, ते आतून घट्ट व्हायला काही दिवस लागतात. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारी अखेरपर्यंत हे काम करावे. लाकूड पावसाळ्याच्या ओलीतून उतरलेले असते, हवा कोरडी असते, ऊन सोसवणारे असते. पावसापूर्वी मे अखेरीस फक्त फटींतला पाचोळा काढावा आणि ब्रश पोचतो ती कापलेली टोके तेवढी पुन्हा भिजवावीत.

हिवाळ्यातही दोन अडचणी आहेत. पंचगंगेकाठी आणि रंकाळ्याच्या बाजूला सकाळी दव असते, म्हणून साडेदहा-अकराच्या आधी ब्रश उचलू नये. दुसरी अडचण उसाच्या हंगामाची. गुऱ्हाळांची काजळी आणि जाळलेल्या पाचटाच्या काळ्या झिरमिळ्या वाऱ्याबरोबर गच्चीवर उतरतात आणि ओल्या तेलात चिकटल्या की निघत नाहीत. आदल्या दिवशी पांढरा कागद ओला करून अर्धा तास कठड्यावर ठेवा. त्यावर काळे कण दिसले तर त्या दिशेचा वारा पडेपर्यंत काम पुढे ढकला.

आता जुन्या, काळ्या पडलेल्या डेकची तयारी. आधी पाण्याचा थेंब टाकून पाहावा. थेंब गोल राहून चमकत असेल तर जुना थर किंवा तेल अजून आहे. मिनिटभरात मुरला तर लाकूड उघडे आहे. पीयू किंवा व्हार्निशचा थर असेल तर ४० किंवा ६० नंबरच्या पॉलिश पेपरने तो पूर्ण काढावा आणि ८० वर थांबावे. घरातल्या सवयीने १८०-२२० पर्यंत घासून गुळगुळीत केले की रंध्रे बुजतात, तेल पिले जात नाही आणि पावसात पाय घसरतो तो वेगळाच.

थर नसेल तर पेपरने घासायचीही गरज नाही. फटी पातळ पट्टीने साफ करा. शेवाळ आणि मळासाठी सोडियम परकार्बोनेट, एक लिटर कोमट पाण्यात ५० ते ६० ग्रॅम. ओल्या फळीवर ओतून पंधरा मिनिटे ठेवा आणि काथ्याच्या किंवा नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासा. ब्लीचिंग पावडर स्वस्त म्हणून वापरतात. ती शेवाळ मारते, पण तंतूही सोडवते आणि वर केसाळ लव येते. गाड्या धुवायच्या मशीनने फवारा मारणे हे तर लाकूड सोलण्यासारखेच आहे: मऊ भाग उडून जातो, कडक रेषा उभ्या राहतात. मशीन वापरायचेच तर दाब अगदी कमी, पंख्यासारखा फवारा आणि फुटभर अंतर.

मळ गेला तरी राखाडी रंग आणि लोखंडाचे डाग राहतात. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड. एक लिटर गरम पाण्यात ५० ते ६० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. ओल्या फळीवर सगळीकडे सारखे फिरवावे. नुसत्या डागावर लावले तर तिथे पांढरा चट्टा पडतो. वीस मिनिटांत रंग उघडताना दिसतो. मग भरपूर पाण्याने दोनदा धुवावे. हे विषारी आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच, मुले आणि कुत्री दूर. शहाबादी, कडप्पा किंवा मार्बलवर सांडले तर दगड खातो. आणि ब्लीचिंग पावडरबरोबर ते कधीही एकत्र करू नये, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

धुतल्यावर उन्हात तीन-चार दिवस जाऊ द्या. ओलावा मोजायचे छोटे मीटर मिळते, त्यावर १५ टक्क्यांच्या खाली आकडा यावा. मीटर नसेल तर प्लास्टिकचा फुटभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने फळीवर रात्रभर चिकटवा. सकाळी आतून धुके धरले असेल तर अजून थांबा.

तेल लावणे त्या मानाने सोपे आहे, फक्त हात आवरायचा असतो. सगळे डबे एका बादलीत एकत्र करा, नाहीतर डब्यागणिक छटा बदलते. रंगद्रव्य तळाशी बसते, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी काठीने तळापासून ढवळा. दोन-तीन फळ्या घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, मध्ये थांबू नका. चहा फळीच्या टोकाला पोचल्यावर. सावली जशी सरकेल तसे तिच्या मागे काम न्या. पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेले सगळे तेल सुती कपड्याने पुसून घ्या. इथेच कारागीर आणि मालक दोघेही चुकतात. ओले, चमकदार दिसते म्हणून तेल तसेच सोडतात. ते वरच चिकट होते, धूळ धरते आणि आठवड्यानेही चप्पल चिकटते. तसे झालेच तर टर्पेंटाइनच्या कपड्याने घासून काढावे. दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या वेळेने, आणि तोही लाकूड पीत असेल तरच. सागाला पुष्कळदा दीड हातच लागतो. चोवीस तास चालू नये, तीन दिवस सामान ठेवू नये. कुंड्यांना पाय द्यावेत. थेट फळीवर ठेवलेल्या कुंडीखाली एका पावसात काळे कडे पडते.

तेलाने भिजलेल्या चिंध्यांबद्दल मुद्दाम वेगळे लिहितो. जवसाचे तेल किंवा तसे वाळणारे तेल हवेतला प्राणवायू घेताना उष्णता सोडते. चिंध्यांचा गोळा करून कोपऱ्यात टाकला तर ती उष्णता आत कोंडते आणि काही तासांत गोळा आपोआप पेटू शकतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काम संपले की चिंध्या पाण्याच्या डब्यात बुडवा, किंवा तारेवर एकेक पसरून वाळवा. हे लाकडाच्या गोदामात आणि पॉलिशच्या खोलीत कागदावर लिहून भिंतीला लावावे, इतके महत्त्वाचे आहे.

घरगुती उपायांची चौकशी नेहमी होते. जळके ऑइल शेतातल्या खांबांना लावतात म्हणून डेकलाही लावा, असे सुचवले जाते. ते वाळत नाही, कपडे आणि पाय काळे करते, पावसात धुऊन मातीत आणि विहिरीत जाते, आणि पुढे त्यावर कोणतेही पॉलिश धरत नाही. खोबरेल, शेंगतेल, करंज, कडुनिंब ही तेलेही वाळणारी नाहीत. कच्चे जवस वाळायला फार वेळ घेते आणि दमट हवेत बुरशीचे खाद्य होते. डबल बॉइल्ड जवस दोन भाग आणि टर्पेंटाइन एक भाग हे मिश्रण झाकलेल्या झोपाळ्याला किंवा सोप्यातल्या कठड्याला चालते, उघड्या डेकला नको. चंदगड-आजऱ्याकडे काजूच्या टरफलाचे तेल मिळते. लाकूड राखायला ते जुन्या काळापासून वापरात आहे, पण कातडी भाजते आणि रंग काळपट येतो. न दिसणाऱ्या खालच्या वाशांना, हातमोजे घालून, एवढाच त्याचा उपयोग. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे पाणी बुरशी आणि भुंग्यावर चांगले चालते, मात्र पावसात ते धुऊन निघते, त्यामुळे वर तेल आलेच. वाळवीसाठी मात्र नुसते यावर विसंबू नये. तिच्यासाठी डेकखालची जमीन मोकळी ठेवणे, खांबांवर मातीच्या नळ्या चढताहेत का हे वाकून पाहणे आणि गरज पडली तर मातीवर उपचार करून घेणे, हेच खरे.

आपल्या जिल्ह्यात एकच वेळापत्रक सगळीकडे चालणार नाही. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, कोल्हापूर शहरात हजाराच्या आसपास, शिरोळकडे त्याच्या निम्म्यावर. पश्चिमेला शत्रू बुरशी आणि शेवाळ. तिथे बुरशीनाशक असलेलेच तेल घ्यावे, दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये एक हात द्यावा, पावसाळ्यात उघाड मिळेल तेव्हा खराट्याने पाणी आणि पाने ढकलावीत. शिरोळ-इचलकरंजीकडे शत्रू ऊन. तिथे लाकूड कुजत कमी, फाटते जास्त. रंगद्रव्य थोडे जास्त असलेले तेल आणि दुपारच्या उन्हाकडची बाजू आधी तपासणे हे महत्त्वाचे. शहरात डेकच्या फळ्यांना वर्षाला एक हात, कठडे आणि खांबांना दोन वर्षांनी, असे साधारण धरावे. थेंबाची परीक्षा हाच खरा निकष. थेंब मुरत नसेल तर उगाच तेल घालू नका.

पावसाळ्यात डेकवर प्लास्टिकचा कागद घट्ट बांधून ठेवण्याची पद्धत मात्र सोडावी. खालून ओल येते, वरून बंद, आणि चार महिन्यांनी कागद काढला की पांढरी बुरशी दिसते. झाकायचेच असेल तर हातभर वर मांडव करून, बाजू मोकळ्या ठेवून. फळी उघडी भिजली आणि उघडी वाळली तर तिचे फारसे बिघडत नाही.

शेवटी पैशांचे. अंदाजपत्रकात ‘पॉलिश, लंपसम’ असे लिहिलेले असेल तर सही करू नये. तेलाचे नाव, छटा, किती हात आणि किती लिटर हे लिहून घ्यावे. हिशेब अवघड नाही. २०० चौरस फुटांच्या नव्या डेकला वरच्या बाजूच्या पहिल्या हाताला दोन ते अडीच लिटर, दुसऱ्याला दीड, खालच्या बाजूला दोन आणि कडा-टोकांना एक, म्हणजे सुमारे सात लिटर तेल लागते. कोणी तीन लिटरमध्ये करून देतो म्हणाला, तर खालची बाजू आणि टोके कोरी राहणार हे समजावे. पुढच्या वर्षी नुसत्या वरच्या हाताला दीड-दोन लिटर पुरतात.

हेच सार्वजनिक कामांनाही लागू आहे. बागा, तलावकाठ आणि पर्यटनस्थळांवरची लाकडी बाके आणि ओटे पुष्कळदा मार्चअखेरीच्या निधीतून व्हार्निश होतात आणि पुढच्या दसऱ्याला सोललेले दिसतात. निविदेत ‘व्हार्निशचे दोन हात’ याऐवजी रंगद्रव्ययुक्त मुरणारे तेल, बसवण्यापूर्वी सहाही बाजूंना, ओलावा १५ टक्क्यांच्या आत, काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, आणि तीन वर्षे दर हिवाळ्याला एक हात ठेकेदारानेच देणे, एवढ्या ओळी घालाव्यात. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची तयारी सुरू होण्यापूर्वी संबंधितांनी याचा विचार करावा, ही विनंती.

आपले,
सुतारकाम व पॉलिश व्यवसायातील काही कारागीर,
कोल्हापूर